स्तंभालेख बघताना आधी तळ बघा, मग शेंडा

फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'डिजिटल वेलबीइंग' उघडा आणि त्यातला आठवड्याचा आलेख शोधा. आयफोनवाल्यांनी 'स्क्रीन टाइम' उघडायचं. सात उभे खांब दिसतील, प्रत्येक दिवसाचा एक. रविवारचा खांब बघून जरा ओशाळल्यासारखं होईल. तो घरी दाखवायचा की नाही हा तुमचा प्रश्न. आपल्याला आज त्या खांबांशीच काम आहे.

यालाच आपण शाळेत स्तंभालेख म्हणायचो. एक्सेल आणि गूगल शीट्सच्या मेन्यूत तो 'कॉलम चार्ट' या नावाने असतो. आठवतंय ना? आलेख कागद, टोक काढलेली पेन्सिल, खाली वर्गांची नावं, बाजूला आकडे आणि उजव्या कोपऱ्यात 'प्रमाण : १ सेमी = १० विद्यार्थी'. ती ओळ विसरली की अर्धा गुण गेलाच. तेव्हा तो बाईंचा नसता काटेकोरपणा वाटायचा. आता रोज फोनवर येऊन पडणारे आलेख बघते तेव्हा वाटतं, प्रमाण लिहायची ही सक्ती टीव्ही चॅनेलवाल्यांनाही हवी होती.

कारण आता आलेख काढायला ना पेन्सिल लागते ना कागद. आकडे सिलेक्ट केले, दोन-तीनदा टॅप केलं की रंगीत चित्र तयार. कॉलेजचा प्रोजेक्ट, गणेश मंडळाचा जमाखर्च, इन्स्टाग्रामची पोस्ट, निवडणुकीच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरणारे फॉरवर्ड, सगळीकडे स्तंभ उभे असतात. बनवणारे भरपूर झाले. पण तो वाचायचा कसा आणि नीट बनवायचा कसा, हे शाळा सुटल्यावर कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

उंची म्हणजेच आकडा

स्तंभालेखाची गोष्ट सुरू होते १७८६ मध्ये. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने लंडनमध्ये व्यापाराच्या आकडेवारीचं एक पुस्तक काढलं, 'कमर्शियल अँड पोलिटिकल अ‍ॅटलस'. त्यात ४० हून जास्त आलेख होते आणि जवळजवळ सगळे रेषांचे. वर्षागणिक आयात-निर्यात कशी वरखाली झाली ते दाखवणारे. स्कॉटलंडची मात्र पंचाईत झाली. तिथले त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. एका वर्षाची रेष कशी काढणार? मग त्याने प्रत्येक देशासाठी आयात-निर्यातीच्या पट्ट्या काढल्या, जितका व्यापार तितकी पट्टी लांब. पट्ट्या आडव्या होत्या, पण कल्पना तीच. गंमत म्हणजे खुद्द प्लेफेअरला हा आलेख बाकीच्यांपेक्षा कमअस्सल वाटत होता. आज जगात सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या आलेखांमध्ये तो आहे.

तो टिकला कशामुळे? आपल्या डोळ्यांमुळे. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या संशोधकांनी प्रयोग करून पाहिलं की आलेखातला आकडा डोळ्यांनी ओळखताना माणसं कुठे चुकतात. एकाच पट्टीवरच्या जागा ताडून बघायच्या असतील तर माणसं बऱ्यापैकी अचूक असतात. कोन आणि क्षेत्रफळ यांचा अंदाज मात्र हुकतो. म्हणून वृत्तालेखातला २३ टक्क्यांचा तुकडा मोठा की २६ चा, हे सांगताना आपण अडखळतो. तेच दोन आकडे शेजारी शेजारी उभे केले की एका नजरेत कळतं.

म्हणजे स्तंभालेख बघणाऱ्याशी एक करार करतो : दुप्पट उंच दिसलं की आकडाही दुप्पट समजायचा. बघणारा काही बाजूचे आकडे वाचत बसत नाही. बसमध्ये एका हाताने दांडी धरून, अंगठ्याने स्क्रीन सरकवत तो तुमच्या आलेखाला जेमतेम दोन सेकंद देतो, आणि त्या दोन सेकंदांत तो फक्त उंची बघतो.

करार मोडायची सोपी पद्धत

एक उदाहरण घेऊ. लोकसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत देशात साधारण ६६.४ टक्के मतदान झालं आणि २०१९ मध्ये ६७.४ टक्के. म्हणजे दर शंभर मतदारांमागे एक जण वाढला. उभा अक्ष शून्यापासून सुरू केला तर दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखेच दिसतील, कारण ते आहेतच सारखे. आता अक्ष ६६ पासून सुरू करा. पहिल्या स्तंभाची उंची उरली ०.४ आणि दुसऱ्याची १.४. दुसरा साडेतीनपट उंच! वर ठळक अक्षरांत 'मतदानात प्रचंड वाढ' लिहिलं की फॉरवर्ड तयार. त्यात खोटा आकडा एकही नाही. ६६.४ खरं, ६७.४ खरं. खोटी आहे ती फक्त उंची, आणि लोक नेमकी तीच बघतात.

म्हणून कुठलाही स्तंभालेख समोर आला की मी सगळ्यात आधी डाव्या बाजूला, अगदी खाली, पहिला आकडा कुठला आहे ते बघते. शून्य असेल तर पुढे बघायचं. शून्य नसेल तर स्तंभ झाकून फक्त आकडे वाचायचे. आणि अक्षावर आकडेच नसतील, नुसतेच स्तंभ उभे असतील, तर तो आलेख नसून सजावट आहे.

यात दर वेळी कुणाचा तरी कट असतो असं मात्र समजू नका. एक्सेलमध्ये सगळे आकडे एकमेकांच्या फार जवळचे असले की सॉफ्टवेअर आपणहून अक्ष शून्याच्या वरून कुठून तरी सुरू करतं. बनवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. उलट त्याला वाटतं, वा, फरक काय छान दिसतोय!

पण छोटा फरकच मोठा असेल तर?

इथे तुम्ही मला अडवाल, आणि अडवायलाच हवं. शून्यापासून सुरू केल्यावर सगळेच स्तंभ सारखे दिसतात, मग खरोखर महत्त्वाचा असलेला छोटा फरक दाखवायचा कसा? या प्रश्नावर जरा थांबू या. 'अक्ष शून्यापासून घ्या' एवढाच नियम सांगून बरेच लेख संपतात आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

महाराष्ट्रातल्या मुलींची संख्या घ्या. शून्य ते सहा वयोगटात दर १,००० मुलग्यांमागे किती मुली आहेत, हे जनगणनेत मोजलं जातं. १९९१ मध्ये राज्यात हा आकडा ९४६ होता. २००१ मध्ये ९१३ झाला, २०११ मध्ये ८९४. आरोग्य किंवा समाजशास्त्राच्या प्रोजेक्टमध्ये, 'बेटी बचाओ'च्या पोस्टरवर हे आकडे तुम्ही नक्की पाहिले असतील.

शून्यापासून स्तंभ काढले तर ९४६, ९१३ आणि ८९४ हे तीन भाऊ एकाच उंचीचे वाटतात. २० वर्षांतली घट साधारण साडेपाच टक्के. स्क्रीनवर स्तंभ एका बोटाएवढा असेल तर हा फरक नखाएवढाही उरत नाही. बघणारा म्हणणार, सगळं ठीक चाललंय की! प्रत्यक्षात हे आकडे इतके गंभीर आहेत की गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला, देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला, आणि तरीही आकडा खाली येत राहिला. म्हणजे आलेख नियमाने बरोबर आणि अर्थाने फसवा.

दुसरा मार्ग अक्ष कापण्याचा. ८५० पासून सुरू करा. उंची झाली ९६, ६३ आणि ४४. आता २०११ चा स्तंभ १९९१ च्या निम्म्याहूनही लहान. बघणाऱ्याच्या डोक्यात जाणार की राज्यात मुली निम्म्यावर आल्या. हेतू चांगला आहे म्हणून ही उंची खरी होत नाही. शिवाय कुणी शंकेखोर माणसाने नेमका अक्ष बघितला तर तो म्हणेल, हे लोक आकडे फुगवून सांगतात. मग मूळ प्रश्नावरचाही त्याचा विश्वास उडतो. माझ्या मते हे नुकसान सगळ्यात मोठं.

तिसरा मार्ग मला स्वतःला पटतो. अक्षाला हात लावायचा नाही, मोजायची गोष्ट बदलायची. आपल्याला सांगायचंय काय? मुली किती आहेत हे नाही, मुली किती कमी आहेत हे. मग तेच मोजू. दर १,००० मुलग्यांमागे किती मुली कमी? १९९१ : ५४. २००१ : ८७. २०११ : १०६. हे तीन आकडे शून्यापासून उभे करा. स्तंभ जवळपास दुप्पट होताना दिसतो आणि ती उंची शंभर टक्के खरी आहे, कारण तूट खरंच जवळपास दुप्पट झाली आहे. याच पद्धतीने २०११ चा बीड जिल्हा बघा, तेव्हाचा राज्यातला सर्वांत कमी आकडा : ८०७. तूट १९३. राज्याच्या १०६ च्या शेजारी बीडचा १९३ चा स्तंभ उभा राहिला की वेगळं काही बोलावं लागत नाही.

मात्र इथे एक तळटीप हवीच. निसर्गतः मुलगे थोडे जास्त जन्मतात, साधारण १,००० मुलग्यांमागे ९५० मुली. म्हणजे ५४ ची सगळी तूट माणसाने केलेली नाही. मग कुणी म्हणेल, १,००० ऐवजी ९५० तून वजा करा. करून बघा : ४, ३७ आणि ५६. आता २० वर्षांत तूट १४ पट झाली! कुठला आधार घेता यावर चित्र एवढं बदलतं. मी १,००० च घेईन. कारण जनगणनेचा आकडाच दर १,००० मुलग्यांमागे दिलेला असतो आणि कुणीही तोंडी वजाबाकी करून तो पडताळू शकतो. आणि आलेखाखाली लहान पण वाचता येईल अशा अक्षरांत एक ओळ टाकेन : 'नैसर्गिकरीत्याही जन्माच्या वेळी हे प्रमाण १,००० ला साधारण ९५० असते.'

हे सगळं नको असेल तर स्तंभ सोडा आणि रेषालेख काढा. रेषेत आपण उंचीपेक्षा चढ-उतार बघतो, म्हणून तिथे अक्ष शून्यापासूनच हवा असा हट्ट नसतो. फक्त अक्षावरचे आकडे ठळक ठेवा.

कोण कुणाच्या शेजारी?

शाळेत जोडस्तंभालेख काढला असेल, एकेका ठिकाणी दोन-दोन स्तंभ चिकटून. तिथे ठरवायची गोष्ट एकच, कुणाला कुणाशेजारी उभं करायचं. डोळा शेजाऱ्यांचीच तुलना करतो.

महाराष्ट्राची साक्षरता बघा. २००१ मध्ये पुरुष ८५.९७ टक्के, स्त्रिया ६७.०३ टक्के. २०११ मध्ये पुरुष ८८.३८, स्त्रिया ७५.८७. आकडे चारच. 'वर्ष' अशी जोडी लावली, म्हणजे २००१ चे पुरुष-स्त्रिया शेजारी आणि २०११ चे पुरुष-स्त्रिया शेजारी, तर नजरेत भरते ती दरी. आधी १९ च्या आसपास, मग साडेबारा. अजूनही स्त्रिया मागेच. आता 'पुरुष' आणि 'स्त्रिया' अशा जोड्या लावा. पुरुषांचे दोन स्तंभ जवळजवळ सारखे, स्त्रियांचा दुसरा स्तंभ मात्र टुणकन वर. मथळा होणार : दहा वर्षांत स्त्रियांची झेप. दोन्ही आलेख खरे, दोन्हींमधून निघणारी बातमी वेगळी. तेव्हा जोडी लावण्याआधी आपल्याला कुठली बातमी सांगायची आहे ते ठरवा, आणि दुसऱ्याचा आलेख वाचताना त्याने कुठली निवडली ते ओळखा.

जोडीचे तीन-चार स्तंभ झाले की फोनवर गर्दी होते. मी दोनच्या पुढे जात नाही.

विभाजित स्तंभालेख म्हणजे एकाच स्तंभात रंगांचे थर. थोडा सांभाळून वापरा. सगळ्यात खालचा थर आणि एकूण उंची, एवढंच नीट ताडून बघता येतं. मधले थर हवेत तरंगतात, त्यांचा तळ दर स्तंभात वेगळा असतो. मंडळाच्या खर्चात 'मंडप' हीच मुख्य गोष्ट दाखवायची असेल तर तो थर तळाला ठेवा.

वेळेचे खड्डे

खाली वर्षं लिहिलेली असली की आपण मनात धरून चालतो की त्यांच्यातलं अंतर सारखं आहे. वरच्या उदाहरणातल्या जनगणना दहा-दहा वर्षांच्या अंतराने झाल्या, म्हणून तिथे चालून गेलं. पण लोकसभेच्या निवडणुका घ्या : १९९६, १९९८, १९९९, २००४. अंतर आहे दोन वर्षं, एक वर्ष आणि पाच वर्षं. सॉफ्टवेअर मात्र चारही स्तंभ सारख्या अंतरावर उभे करतं. एक वर्षातला बदल आणि पाच वर्षांतला बदल एकाच वेगाने झाल्यासारखा दिसतो. असे आकडे असतील तर मधल्या वर्षांच्या जागा रिकाम्या सोडा.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे अर्धवट स्तंभ. दुपारी बारा वाजता स्क्रीन टाइम बघितला तर आजचा स्तंभ कालच्यापेक्षा बुटकाच असणार, दिवस संपलाय कुठे! हे आपल्याला कळतं. पण 'यंदा अपघात घटले' अशा आलेखात यंदाचे आकडे फक्त सप्टेंबरपर्यंतचे असतील तर ते कळत नाही. शेवटचा स्तंभ अचानक आखूड दिसला की आधी तारीख शोधा. स्वतः बनवत असाल तर तो स्तंभ फिक्या रंगात ठेवा आणि त्यावर 'सप्टेंबरपर्यंत' असं लिहून टाका.

आणि हो, त्याच स्क्रीन टाइममध्ये या आठवड्याचा उंच स्तंभ आणि मागच्या आठवड्याचा उंच स्तंभ यांची उंची जुळवत बसू नका. बऱ्याच ॲपमध्ये त्या त्या आठवड्याच्या सर्वांत मोठ्या दिवसानुसार प्रमाण बदलतं. तीन तासांचा दिवसही एखाद्या आठवड्यात वरच्या कडेला टेकतो.

एकच राक्षस

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ च्या आसपास. हे दोन स्तंभ शेजारी काढले तर कुलाब्याचा अगदीच खुजा दिसतो. अशा वेळी काही जण मोठा स्तंभ मधूनच नागमोडी रेष मारून तोडतात, म्हणजे लहानांना जागा मिळावी. मला ते पटत नाही. इथे लहान स्तंभ खुजा दिसणं हीच तर बातमी आहे : एकाच शहरात एक भाग बुडाला आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचा पाऊस. लहान आकडे नीट दिसायला हवेत तर त्यांचा वेगळा आलेख काढा, पण राक्षसाचे पाय कापू नका.

सात सेंटिमीटरची अडचण

लॅपटॉपवर झकास दिसणारा आलेख फोनवर का विस्कटतो? जागा. फोन उभा धरला की स्क्रीनची रुंदी साधारण सात सेंटिमीटर. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे स्तंभांत मांडले तर एकाच्या वाट्याला दोन मिलिमीटरही येत नाहीत. आणि नावं? 'छत्रपती संभाजीनगर' हे त्या दोन मिलिमीटरखाली कसं लिहिणार? सॉफ्टवेअर मग नावं तिरकी करतं, नाहीतर एकाआड एक नावं गाळून टाकतं. वाचणारा मान वाकडी करून सिंधुदुर्ग शोधत बसतो.

उपाय सोपा : स्तंभ आडवे करा. मेन्यूत त्याला 'बार चार्ट' म्हणतात. नावं डावीकडे सरळ ओळीत येतात, आणि यादी लांबली तरी अंगठ्याने खाली सरकवता येते. फोनला तशी सवयच आहे. माझा ढोबळ हिशेब असा : नावं लहान आणि संख्या सात-आठच्या आत असेल तर उभे स्तंभ, नाहीतर आडवे. काळ दाखवायचा असेल तर शक्यतो उभेच, कारण वर्षं डावीकडून उजवीकडे जातात असं आपल्या डोक्यात बसलंय.

ठिकाणांचे आकडे असतील तर मोठ्याकडून छोट्याकडे लावा. अकारविल्हे लावलेला आलेख म्हणजे अकोल्यापासून सुरू होणारी हजेरी, त्यात पहिला कोण ते शोधावं लागतं. अपवाद काळाचा आणि वयोगटांचा. त्यांचा क्रम आधीच ठरलेला असतो.

मराठी अक्षरांची एक खास गरज आहे. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. फाँट फार बारीक केला की अनुस्वार पुसट होतो, 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसू लागतात. इंग्रजी लेबलाला पुरणारा आकार मराठीला एक-दोन पायऱ्या वाढवून घ्या. आकडे तर कमीच लिहा : ११,२३,७४,३३३ असं स्तंभाच्या डोक्यावर ठेवण्यापेक्षा ११.२४ लिहा आणि मथळ्यात 'कोटींमध्ये' म्हणा. २०११ ची महाराष्ट्राची लोकसंख्या कुणाला शेवटच्या तिघांपर्यंत नकोय.

रंगांबद्दल थोडक्यात. सगळे स्तंभ एकाच रंगात, आणि ज्याबद्दल बोलायचंय तो एकच गडद. सात दिवसांना सात रंग दिले तर बघणारा रंगांचा अर्थ शोधत बसतो, जो नसतोच. लाल आणि हिरवा ही जोडी टाळा. अनेकांना, त्यातही पुरुषांना, तो फरक दिसत नाही. निळा आणि नारिंगी चालतात. निवडणुकीच्या आलेखात रंगांना पक्षांचा वास येतो, तिथे तर दुप्पट काळजी. थ्रीडी स्तंभ? नको. त्याचा माथा नक्की कुठल्या रेषेला टेकलाय ते कळतच नाही.

फोनवर बनवताना

गूगल शीट्सचं ॲप उघडा. पहिल्या रकान्यात वर्षं, दुसऱ्यात आकडे. इथे हमखास एक गोंधळ होतो : शीटला वर्षसुद्धा आकडा वाटतं आणि १९९१, २००१ यांचेच उंचच उंच स्तंभ उभे राहतात. म्हणून वर्षाच्या आधी एक अपॉस्ट्रॉफी टाका, म्हणजे शीट त्याला मजकूर समजते. आणि किमती इंग्रजी अंकांतच टाईप करा. मराठी अंक शीटला अक्षरं वाटू शकतात, मग स्तंभ उगवतच नाहीत.

सगळं सिलेक्ट करून वरच्या अधिक चिन्हातून 'चार्ट' निवडा, प्रकार 'कॉलम' घ्या. मोबाईल ॲपमध्ये मोजकेच पर्याय असतात. अक्ष कुठून सुरू होतो ते ठरवायचं तर कॉम्प्युटरवर तीच शीट उघडा, चार्टवर दोनदा क्लिक करा, 'कस्टमाइझ'मध्ये 'व्हर्टिकल ॲक्सिस' आणि तिथे 'मिन'च्या चौकटीत शून्य. एकच रंग असेल तर खालची रंगांची यादी, म्हणजे 'लेजंड', काढून टाका. तेवढीच जागा वाचते.

मथळ्यात 'बाललिंगगुणोत्तर १९९१–२०११' असं पुस्तकी नाव देण्यापेक्षा सापडलेली गोष्ट लिहा : 'महाराष्ट्रात मुलींची तूट २० वर्षांत जवळपास दुप्पट'. मथळा असा लिहिला की आपसूक स्वतःचीही परीक्षा होते. स्तंभ खरंच तसं म्हणतायत का, हे बघावंच लागतं. खाली आकडे कुठले ते लिहा. 'जनगणना २०११' एवढे दोन शब्दही पुरतात, पण ते आलेखाच्या चित्राच्या आतच हवेत. पोस्टच्या मजकुरात लिहिलेलं पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळून पडतं, आणि तिसऱ्या ग्रुपमध्ये पोहोचेपर्यंत तुमचा आलेख कुणाचाच उरत नाही.

पाठवताना शेवटचं एक काम. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि बारीक अक्षरं धुरकट होतात. चित्र चौकोनी, १०८० बाय १०८० पिक्सेल ठेवा आणि पाठवताना 'एचडी' निवडा. आधी स्वतःलाच पाठवा, ब्राइटनेस कमी करा, फोन हातभर लांब धरा. सगळ्यात लहान अक्षर वाचता आलं की ग्रुपवर टाका.